दाजींचा बॉल

"कुठे गेला रे?" दाजींनी ओठ न हलवता विचारलं.

"डावीकडे. मोठ्या दगडाच्या अलीकडे." खोकल्याचं निमित्त करून मी पुटपुटलो. साईटचे साहेब हाकेच्या अंतरावर उभे होते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. माझ्यामुळे अख्खी साईट त्यांना दाजी म्हणते. या परमुलखात ते क्रेन चालवतात आणि मी त्याच क्रेनखाली उभा राहून लोखंडाला साखळ्या बांधतो. त्यांना वर्षभरापासून नीट दिसत नाही, हे फक्त ते, मी आणि ताई जाणतो. ताईचा फोनवर एकच धोशा, "तू आहेस ना सोबत? मग झालं तर!" काय झालं, डोंबल! परवा त्यांच्या क्रेनला टांगलेला एक पाइप माझ्या हेल्मेटला घासून गेला. मी मूग गिळून गप्प बसलो. दाजी त्या रात्री जेवले नाहीत. साहेबांनीही ते पाहिलं असावं, नाहीतर आपलं टोळकं सोडून आज ते आमच्याबरोबर खेळायला का यावेत?

गोल्फ म्हटलं की डोळ्यांसमोर हिरवीगार मखमल येते ना? विसरा. आमचं मैदान म्हणजे नुसता काळा खडक, खाचखळगे आणि काटेरी झुडपं. गवताची काडी नाही. म्हणून ज्याने त्याने खोट्या हिरवळीचा तुकडा काखेत मारून हिंडायचं. बॉल पडेल तिथे तो अंथरायचा, बॉल उचलून त्यावर ठेवायचा आणि हाणायचा. मात्र आपला बॉल आपणच शोधायचा, हा इथला नियम. सकाळपासून त्या नियमानेच माझा जीव टांगणीला लागला होता.

"उद्या टाकीचं छप्पर चढवायचंय," साहेब चालता चालता म्हणाले. "खाली बरीच माणसं असतील. दाजी, जमेल ना?"

"न जमायला काय झालं?" दाजी हसले. त्या माणसांत मीही होतो.

दाजी दगडापाशी पोचले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. बॉल त्यांच्या उजव्या बुटापासून वीतभर अंतरावर, झुडपाच्या बुंध्याशी पांढराशुभ्र पडला होता. दाजी वाकले आणि त्यांनी पलीकडची एक पांढरी गारगोटी उचलली.

हाताला लगेच कळलं असणार, कारण दाजी तसेच वाकून राहिले. अजून काही बिघडलं नव्हतं. गारगोटी मुठीत होती, साहेब मागे होते.

"बुटाशी, दाजी. उजव्या," मी हळूच पुटपुटलो.

त्यांना ऐकू गेलं. तो बॉल उचलला असता तर सगळं निभावलं असतं. उद्या ते क्रेनवर बसले असते आणि मी खाली उभा राहिलो असतो. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, डोक्याकडे.

मग त्यांनी हिरवळीचा तुकडा अंथरला, त्यावर ती गारगोटी नीट ठेवली आणि हाक मारली, "साहेब, जरा इकडे या."

साहेब आले. "हे काय?"

"हिला मी बॉल समजलो," दाजी म्हणाले. "उद्या मला क्रेनवर बसवू नका. खाली माझा मेव्हणा असतो."

साहेबांनी गारगोटी उचलून बाजूला टाकली. "मग घरी जावं लागेल, दाजी."

"जाईन की. अगदी जवळचं दिसतं मला अजून. बायको ओळखू येईल."

मला दाजींचा राग आला, ताईचा आला, स्वतःचा तर फारच आला. आणि सुटल्यासारखंही वाटलं. त्याचीच जास्त लाज वाटली.

"डाव अर्धा कशाला सोडायचा?" असं म्हणत दाजींनी चाचपडत खरा बॉल उचलला, हिरवळीवर ठेवला आणि सणसणीत टोला हाणला. मग मान वर करून त्यांनी मोकळ्या आवाजात विचारलं, "कुठे गेला रे?"

"सरळ, दाजी!" मी ओरडलो. "झेंड्याकडे!"

पुढची वाट सगळी दगडांची होती. दाजींनी साहेबांसमोरच माझा खांदा धरला.