तिसऱ्या खिडकीखालचं निळं झाड

फुलांचा रंग बदला, असा हुकूम ज्या साहेबांनी काढला त्यांनी वॉर्डाच्या खिडकीतून एकदाही बाहेर पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं, तर हायड्रेंजियाचे ते निळे गेंद कोणासाठी फुलतात हे त्यांना कळलं असतं. पण भिंत गुलाबी रंगवली, म्हणून फुलंही गुलाबी हवीत, एवढंच त्यांच्या डोक्यात. आणि कागद हातात दिला कोणाच्या? माळ्याच्या. ज्याची बायको तिसऱ्या खिडकीशी अकरा महिने पडून होती.

याच दवाखान्यात तिनं वीस वर्षं आया म्हणून काढली. मग झटका आला, वाचा गेली, उजवं अंग गेलं. पण सकाळी पडदा सरकला की ती बाहेर बघायची आणि डावा हात गादीवर दोनदा आपटायची. निळं आहे, म्हणजे सगळं जागच्या जागी आहे. झाडंही तिच्या ओळखीची. घरच्या अंगणातल्या फांद्या तोडून माळ्यानंच लावलेली.

नाही म्हणावं, तर नोकरी जाणार. नोकरीबरोबर तिची खाटही जाणार, कारण ती कर्मचाऱ्याच्या घरचं माणूस म्हणून मिळालेली. तेव्हा थंडीभर दातओठ खात त्यानं एकूण एक झाडाच्या बुडाशी चुना टाकला. बायकोच्या खिडकीखालीही टाकला. वर मात्र बघितलं नाही.

बहर आला. सगळी रांग गुलाबी, आणि तिसऱ्या खिडकीखालचं झाड निळंशार.

साहेबांनी मेमो धाडला: हुकूम मुद्दाम मोडला, सात दिवसांत खुलासा करा. माळी चक्रावला. खुरप्यानं बुंध्याजवळची माती उकरून बघतो, तर चुना नाहीच. तो सगळा भिंतीच्या कडेला लोटलेला, पांढरी रेघ ओढल्यासारखा. मुळाशी मात्र काचेसारखे खडे चमकत होते. एक जिभेला लावला, तोंड आखडलं. तुरटी.

दवाखान्यात तुरटी जवळ बाळगणारा माणूस एकच, दर मंगळवारी रोग्यांच्या दाढ्या करायला येणारा न्हावी.

मंगळवारी माळी झाडाआड दबा धरून बसला. न्हावी आला तो बादली घेऊनच. पकडला गेला तरी ओशाळला म्हणून नाही. उलट त्यानंच ऐकवलं, की तुरटीचं पाणी घातलं की निळं, चुना घातला की गुलाबी, असल्या फुशारक्या माझ्यापुढं दाढी करून घेताना कोण मारायचं? कान किटले होते ऐकून. एकदा उपयोग झाला तर बिघडलं कुठं?

"अरे, पण माझी नोकरी जाईल की," माळी म्हणाला.

न्हाव्यानं बादली खाली ठेवली. "मी तापानं इथं पडलो होतो, तेव्हा वहिनींनी महिनाभर चमच्यानं दूध पाजलं मला. दाढीसुद्धा त्यांनीच केली. चार ठिकाणी कापलं, ते वेगळं. साहेबांना सांग, न्हाव्यानं केलं. लपून केलं, पण लाजून नाही."

माळ्याला हसू आलं. त्या चार कापांपायी ती घरी येऊन दोन दिवस हळहळत होती. इतके महिने तो समजत होता, की तिच्यासाठी झुरणारे आपण एकटेच. त्यानं बादली उचलली आणि सगळं पाणी आपल्या हातानं मुळाशी ओतलं. वरती पडदा सरकला. गादीवर दोन थापा पडल्या. दोघंही खाली मान घालून उभे राहिले.

घरी जाऊन माळ्यानं खुलासा लिहिला. न्हाव्याचं नाव त्यात नव्हतं.

"चुना मीच टाकला होता. तिसऱ्या झाडाची तुरटीही माझीच समजा, आणि ती पुढंही पडणार आहे. एका आयाच्या वीस वर्षांच्या कामाची ती पोच आहे. ती द्यायचं काम खरं तर तुमचं होतं. आता माझी विचारणा. रंग बदलायच्या आधी आत पडलेल्या एका तरी माणसाला विचारलं होतंत का? विचारलं असेल तर त्याचं नाव कळवा. नसेल, तर का नाही ते लिहून द्या. सात दिवसांत."