नळीची सवय

गौरांग हल्ली रडेनासा झाला होता, आणि प्रयागबाईंना त्याचं भारी कौतुक होतं.

"पाह्य वं दामिनी, कसा शहाणा झाला," नुकतीच दवाखान्यातून त्याला घेऊन आलेल्या सुनेला त्या म्हणाल्या. "तुही गिरणी एवढी घरघर करून राहिली, तरी झोपून आहे."

गिरणी म्हणजे ऑक्सिजनचं मशीन. सत्ताविसाव्या आठवड्यात जन्मलेला गौरांग तीन महिने दवाखान्यात होता. व्हेंटिलेटरने त्याला जगवलं, पण कोवळी फुप्फुसं दुखावली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, नाकातली नळी चोवीस तास. वीज गेली तर सिलिंडर. शिक्षिका असलेल्या दामिनीची शाळा सुरू झाली तशा प्रयागबाई खापा गावाहून तिच्या बेसा भागातल्या फ्लॅटवर राहायला आल्या.

आजच्या तपासणीत महिन्याभरात वजन नव्वदच ग्रॅम वाढलेलं निघालं. हृदयाच्या उजव्या बाजूवर दाब आला होता.

"ऑक्सिजन सलग असतो ना?" डॉक्टरांनी दोनदा विचारलं होतं. "मशीनवर किती तास चाललं त्याचा आकडा असतो. तेवढा बघून कळवा."

दामिनी मशीनमागे वाकली. मागच्या तपासणीला टिपून ठेवलेला आकडा तिने आजच्या आकड्यातून वजा केला. तीस दिवसांचे सातशे वीस तास व्हायला हवे होते. झाले होते सहाशे आठ. तिने पुन्हा वजाबाकी केली. सिलिंडरवर गेलेले फार तर चार तास. उरले एकशे आठ. शाळेचे दिवस चोवीस. दिवसाला साडेचार तास.

"आई, मी शाळेत असताना मशीन बंद करता?"

प्रयागबाईंचा चेहरा खुलला. "सांगनारच होती तुले. तुह्या नवऱ्याचं, अभिजीतचं, अंगावरचं दूध कसं तोडलं होतं मी, तसंच. पहिले अर्धा घंटा, मंग एक. आता पाच घंटे राहते बिना नळीचा! जलमभर काहून लावाची? नळी घालून बोहल्यावर चढन का तो?"

"रडत नाही?"

"पहिले लय रडे. आता निपचित पडून राहते."

दामिनीने बाळाच्या पायाला ऑक्सिमीटर, रक्तातला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, लावला. महिन्यापूर्वी एवढ्याच ऑक्सिजनवर चौऱ्याण्णव यायचे. मधे संध्याकाळी एक्क्याण्णव दिसायचे, ती सर्दी समजून सोडून द्यायची. आज सत्त्याऐंशी. तिने मशीनचं बटण फिरवून ऑक्सिजन थोडा वाढवला. सत्त्याऐंशीच. बरगड्यांखालची कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती.

तिने डॉक्टरांना फोन करून आकडे सांगितले.

"लगेच घेऊन या. सिलिंडर लावून."

नळी काढल्यानेच हे झालं, एवढं दामिनीने निघताना सांगितलं होतं. रिक्षात प्रयागबाई सिलिंडर मांडीशी धरून बसल्या. नळी सरकू नये म्हणून त्यांनी बोट बाळाच्या गालावर दाबून ठेवलं होतं.

"आता नाही काढत मी. देवाशप्पथ." थोडं पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "मंग वाढन ना तो चिमट्याचा आकडा?"

दामिनीला उत्तर माहीत होतं. तिने ऑक्सिमीटर त्यांना दिसणार नाही असा वळवला. पंच्याऐंशी.

"दामिनी? बोल ना वं."

"चिमटा नीट बसला नाही," ती म्हणाली, आणि रिक्षावाल्याला घाई करायला सांगितलं.