कारखान्यातली गार खोली

माजलगावजवळच्या एका साखर कारखान्यात रुबीना कॉम्प्युटर विभाग सांभाळायची. विभाग म्हणजे एक खोली, दोन जुने सर्व्हर आणि घरघरणारा एसी. पण चेअरमन धर्मराज अण्णा पुण्याच्या कसल्याशा परिषदेला जाऊन आले आणि त्यांच्या अंगात एआय संचारलं. ड्रोननं काढलेले उसाचे फोटो बघून कुठल्या रानात रोग पडलाय, ते सांगणारं यंत्र कारखान्यातच पाहिजे, असं त्यांनी ठरवून टाकलं.

"आपला ऊस दुसऱ्याच्या दारात कशाला दाखवायचा?" ते म्हणाले.

यंत्र आलं. जुन्या सर्व्हरशेजारी ते म्हणजे शेळीच्या गोठ्यात हत्ती. रुबीनानं फरशी उकरून खाली लोखंडी गर्डर टाकले, वायरमन त्रिंबककाकांकडून वेगळी लाइन ओढून घेतली. चालू झालं की यंत्र भट्टीसारखी धग फेकायचं, म्हणून तिनं भिंतभर एसी लावले.

घोटाळा झाला तो तिथंच. एप्रिल लागला होता, उन्हानं पत्रे कडकडत होते, आणि पंचक्रोशीत हुडहुडी भरेल अशी ती एकच जागा होती. आधी अण्णा पाहणीला म्हणून आले. मग त्यांची खुर्ची आली. खुर्चीमागं संचालक आले, संचालकांमागं पाहुणे आले, पाहुण्यांमागं कापलेली कलिंगडं आली. संचालिका मंजुळाबाई तर नातीच्या साखरपुड्याचं श्रीखंड पातेल्यासकट घेऊन आल्या.

"पोरी, हे त्या मशिनीमागं ठेव."

"मावशी, मागून गरम हवा येती."

"मग म्होरं ठेव की!"

दार दिवसभर सताड उघडं. उन्हाच्या झळा आत शिरायच्या, यंत्र तापायचं आणि जीव वाचवायला आपोआप बंद पडायचं. रुबीनानं दारावर पाटी लावली: 'विनाकारण थांबू नये.' काही उपयोग झाला नाही, कारण प्रत्येकाकडं कारण होतं. चेअरमनला बाहेर काढायचं कसं, हेच तिला सुचेना.

शेवटी ती अण्णांपुढं उभी राहिली. "अण्णा, एवढ्या मोठ्या यंत्राला हवा पुरत न्हाई. त्याला पाण्यानं थंड करू. गाळप संपलंय, कारखान्याचा थंड पाण्याचा हौद भरलेला, नुसताच पडून हाय. तिथून पाइप आणते."

"पाण्यानं? म्हंजी कूलरवानी?" अण्णांचे डोळे चमकले. "मंग तर लई गार हुईल!"

रुबीनानं खरं सांगायला तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. "यंत्र लई गार हुईल, अण्णा," ती म्हणाली. अण्णांनी सही ठोकली.

काम पार पडलं. आतलं बंद नळीतलं पाणी यंत्राची उष्णता उचलायचं आणि बाहेर हौदाच्या पाण्याला देऊन परत यायचं. यंत्र खुशाल चालू लागलं. रुबीनानं एक एसी ठेवला, बाकीचे काढून ऊस उत्पादकांच्या बसायच्या हॉलमध्ये लावले.

उद्घाटनाला अण्णा कोट घालून आले, संचालक शाली पांघरून. नारळ फुटेपर्यंत सगळे घामानं निथळले.

"रुबीना, गारवा कुठं गेला बाई?"

"यंत्राच्या पोटात, अण्णा. आता खोली गार करायचं कामच न्हाई."

खोली बघता बघता रिकामी झाली. श्रीखंडाचं पातेलं सगळ्यात आधी गेलं. अण्णा मात्र कोट काढून तिथंच बसून राहिले.

"तुला म्हाईत होतं ना?"

"होतं, अण्णा."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमी सही केली नसती."

अण्णांनी कपाळ पुसलं. "न्हाईच केली असती," ते म्हणाले, आणि पोट धरून हसले. "बरं, आता माझं रान दाखव."

रुबीनानं फोटो लावला. पडद्यावर हिरवंगार रान उमटलं. अण्णांची छाती फुगली.

"कसा आलाय ऊस?"

"ऊस कडंला हाय, अण्णा. ह्यो मधला भाग यंत्र गवत म्हणून दाखवतंय."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग उठून दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाले, "बाहेर कुणाला बोलू नको बरं का."