चार बोटं इकडे

अपंगांच्या सरकारी भत्त्याचा फॉर्म बत्तीस पानांचा होता आणि मी अकराव्या पानावर चार दिवस अडकले होते.

प्रश्न दिसायला साधा होता. अर्जदार घरात कोणत्याही आधाराशिवाय चालू शकतो का? पुढे तीन चौकोन: नेहमी, कधीकधी, कधीच नाही. अर्जदार म्हणजे आमचे हे. आयुष्यभर सुतारकाम केलं, सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणते, आणि चिडले की मीसुद्धा मिस्त्रीच म्हणते. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या पायांतल्या नसा दुबळ्या व्हायला लागल्या. आता अंघोळीला, कपडे घालायला, पलंगावरून उठायला माझा हात लागतो.

काय लिहू म्हणून विचारलं, तर म्हणाले, "चालतो म्हणून लिही. काल संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत कोण आलं होतं, शेजारी?"

आले होते खरे, आणि आपल्या पायांनी आले होते. माझ्या डोक्याचा भुगा तिथेच होत होता, कारण ते कसे आले हे फक्त मला माहीत होतं.

आमची खोली लांबट आहे. पलंग खिडकीखाली, स्वयंपाकघराचं दार दुसऱ्या टोकाला, मध्ये आठ-नऊ पावलं. दुखणं सुरू झालं त्याच महिन्यात ते मधल्या मोकळ्या जागेत पडले. हाड मोडलं नाही, पण माणूस आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी फरशी पुसताना मी खणांचं कपाट पलंगाच्या दिशेने चार बोटं सरकवलं. महिन्याभराने खुर्ची हलवली, मग टेबल. पाय जसे ढिले होत गेले तसं मी सामान जवळ आणत गेले. कधी भिंतीला ओल आली असं मी सांगितलं, कधी शिवायला उजेड हवा असं. स्टूल तर स्वयंपाकघरातून उचलून बाहेर आणलं आणि संशय नको म्हणून त्यावर बसून भाजी निवडायला लागले. आता पलंगावरून कपाट, कपाटावरून खुर्चीची पाठ, मग टेबल, मग स्टूल, मग दाराची चौकट. एक हात सुटायच्या आत दुसरा पोचतो. सगळं सामान त्यांनीच केलेलं, दणकट, रेलून उभं राहिलं तरी हलत नाही. त्यांना वाटतं आपण चालतो. वाटू दे, म्हटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि आता सरकार म्हणत होतं, मूठ उघडा.

उघडणं भाग होतं. त्यांना उठवून उठवून माझा उजवा खांदा कामातून गेला होता. डॉक्टरांनी दिलेली ऑपरेशनची तारीख मी दोनदा पुढे ढकलली. या खेपेला त्यांनी स्पष्टच सांगितलं की आता आला नाहीत तर हात कायमचा वर जायचा नाही. ऑपरेशननंतर तीन महिने काही उचलायचं नव्हतं. त्या तीन महिन्यांत यांना कोण उठवणार? भत्ता मंजूर झाला तर सकाळ-संध्याकाळ मदतनीस ठेवता आली असती. नाही झाला तर तारीख तिसऱ्यांदा ढकलायची. ह्यांना मी एवढंच सांगितलं होतं की खांदा जरा आखडलाय.

फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात खुलासे होते. ते वाचून उरलंसुरलं डोकंही चालेनासं झालं. आधार म्हणजे काठी, कुबडी, चाकाची खुर्ची किंवा तत्सम साधन. टेबल हे तत्सम साधन आहे का? जेवायचं असतं ते. मदत म्हणजे दुसऱ्या व्यक्तीने हाताने, तोंडाने किंवा नजर ठेवून केलेलं साहाय्य. नजर तर मी लग्न झाल्यापासून ठेवून आहे. 'कधीच नाही'वर खूण केली तर ते वाचणार, कारण शेवटी सही त्यांची आणि न वाचता सही करणाऱ्यांतला हा माणूस नव्हे. 'नेहमी'वर केली तर भत्ता गेला. शेवटी मी 'कधीकधी'वर खूण केली. हे खरं की खोटं, ते मला आजही सांगता येणार नाही.

पंधरा दिवसांनी पत्र आलं की तपासणीसाठी कर्मचारी बाई घरी येतील. मग नवा घोळ. सामान मूळ जागी नेलं तर हे पडतील. आहे तिथे ठेवलं तर चालून दाखवतील. यातली फसवणूक कुठली? खोली आज आहे ती खरी, की सहा वर्षांपूर्वी होती ती? आदल्या दिवशी मी दोनदा टेबलाला हात घातला आणि दोनदा काढून घेतला. शेवटी ठरवलं की बाईंना दारातच गाठून हळूच सांगायचं.

बाई तरुण होत्या, काखेत टॅबलेट. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच नियम सांगितला की उत्तरं अर्जदारानेच द्यायची, घरच्यांनी मध्ये बोलायचं नाही. आतून ह्यांचा आवाज आला, या, बसा. इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. बाईंनी विचारलं, बटणं कोण लावतं? तर म्हणाले, हीच लावते, तिला सवय आहे. मी कपाळाला हात लावणार होते, पण तेही मध्ये बोलण्यात धरलं असतं.

मग बाई म्हणाल्या, जमेल तितकंच चालून दाखवा.

मी त्यांना उठवलं आणि हे निघाले. कपाट, खुर्ची, टेबल, स्टूल, चौकट. पाहुणी बघतेय म्हणून जरा झोकातच. तिथून वळले आणि तसेच परत येऊन पलंगावर बसले. खरं सांगते, ते न पडता आले म्हणून मला आनंदच झाला. तेवढ्यात बाईंनी लिहिलेलं वाचून दाखवलं, 'घरात स्वतंत्रपणे चालतात', आणि मला रडू यायला लागलं. आता बोलायला हवं होतं. पण बोलायचं म्हणजे त्यांच्यासमोर बोलायचं, आणि जीभ काही उचलेना. काहीतरी करायचं म्हणून मी रोजच्यासारखी वाकले आणि त्यांचे पाय पलंगावर घ्यायला गेले. खांद्यात अशी कळ आली की पाय हातातून सुटला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मॅडम," ते म्हणाले, "लिहिलेलं पुसता येतं का?"

अजून पाठवलं नाही, येतं, असं बाई म्हणाल्या.

"मग ते टेबल त्याच्या जागेवर ठेवा आणि परत बघा."

बाई गोंधळल्या. टेबल जागेवरच आहे की, म्हणाल्या.

"नाही. फरशीवर चार फिके ठिपके दिसतात ना, ती त्याची जागा. खुर्ची तिकडे, भिंतीला. कपाट दोन हात मागे. स्टूल आतलं आहे."

बाईंनी टॅबलेट ठेवला आणि एकेक वस्तू ओढत नेली. मी डाव्या हाताने जमला तेवढा हातभार लावला. मधली फरशी मोकळी झाली तेव्हा मलाच ओळखू येईना, एवढी मोठी खोली आमची. आम्ही दोघींनी त्यांना उभं केलं. त्यांनी एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. हात कपाटाच्या जागी गेला आणि नुसताच चाचपडत राहिला. तिसरं पाऊल आलंच नाही. बाईंनी काखेत हात घालून धरलं म्हणून उभे राहिले.

"इथपर्यंत," ते म्हणाले. "एवढंच लिहा. आणि हिच्या खांद्याचं ऑपरेशन आहे बावीस तारखेला. त्यासाठी कुठे रकाना असेल तर तेही लिहा."

तारीख मी त्यांना सांगितली नव्हती. दवाखान्याची चिठ्ठी कपाटाच्या खणात कपड्यांखाली दडवली होती. त्यांनी स्वतःच्या हाताने केलेल्या खणात.

बाई गेल्यावर सामान परत आणायचं होतं. मी डाव्या हाताने ओढत होते आणि हे पलंगावरून सांगत होते, अजून, अजून जरा, बस्स. प्रत्येक वस्तू नेमकी आधी होती तिथे येऊन थांबत होती. मी विचारलं, कधीपासून माहीत होतं?

"कपाट हललं त्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोललीस का?"

मला इतका राग आला की विचारू नका. सहा वर्षं ओल न आलेल्या भिंतीला ओल आणली. सहा वर्षं त्या स्टुलावर पाठ मोडून भाजी निवडली. आणि हे मुकाट बघत होते. रागवावं तर कशावर, त्यांनीही मला तेवढंच सांभाळलं होतं. फरशीवरचे डाग मला रोज दिसायचे, पण ते खाली कशाला बघतील असं वाटायचं. पाय धड नसलेला माणूस चालताना खालीच बघतो, हे माझ्या टाळक्यात आलं नाही.

पत्र आलं तेव्हा 'मंजूर' हा शब्द मी तीनदा वाचला, तरी खात्री होईना. मग त्यांना वाचायला दिला. त्यांनी एकदाच वाचला.

मदतनीस बाई ऑपरेशनच्या दोन दिवस आधी कामावर आल्या. बाई चांगल्या, कामाला चोख. पहिल्याच दिवशी फरशी पुसली आणि सगळं सामान टापटीप भिंतीला लावून गेल्या. हे त्यांना काही बोलले नाहीत. त्या गेल्यावर मी सगळं पुन्हा जागेवर ओढलं, आणि ह्यांनी कपाटातून आपली लाल पेन्सिल काढायला लावली, लाकडावर खुणा करायची जाड पेन्सिल. म्हणाले, प्रत्येक पायाभोवती रेघ मार, म्हणजे बाईंना कळेल. मी गुडघ्यांवर बसले आणि डाव्या हाताने कपाटाच्या पायांभोवती रेघा मारल्या. मग खुर्चीच्या. मग टेबलाकडे वळले.

"थांब," ते म्हणाले. सहा वर्षांत हे त्यांनी कधी मागितलं नव्हतं. "रेघ मारायच्या आधी टेबल चार बोटं इकडे घे."