कोरी पट्टी

गांधीलमाशीची तिळाएवढी विषाची पिशवी. चिमट्याने हळू ओढली की नांगीसकट सुटते.

धाकटीच्या खुर्चीला नवी उशी.

गारठ्यात माशी लगेच मरत नाही, आधी झोपते.

आईचा फोन आजही धाकटीलाच.

दोघी सख्ख्या बहिणी एकाच प्रयोगशाळेत होत्या. गांधीलमाशीच्या विषातल्या कुठल्या प्रथिनामुळे माणसाचा श्वास कोंडतो, ते तिथे शोधत. पिशव्या काढायचं काम थोरलीचं. तिच्याइतका हलका हात कुणाचाच नाही, असं प्रयोगशाळेचे सर म्हणायचे. म्हणजे पूर्वी म्हणायचे.

मग धाकटीला माशी चावली. पहिल्या खेपेला काही झालं नाही. दुसऱ्या खेपेला ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, ती कोसळली. वाचली. नंतर तिचं रक्त तपासलं, तर तपासणीच्या पट्टीवर एका प्रथिनापुढे अशी काळीभोर रेघ उमटली की सर खुर्चीतून उठलेच. शोधत होते ते प्रथिन तिच्या रक्ताने दाखवलं होतं. तेव्हापासून तिचं रक्त जपून ठेवतात, पाहुणे आले की तिला बोलावतात. पुन्हा चावली तर लगेच टोचायची औषधाची सुई ती सतत खिशात बाळगते. थोरलीच्या मते, मिरवते.

थोरलीने हट्टाने स्वतःचंही रक्त दिलं. तिला काय कमी माश्या चावल्या होत्या? पट्टी कोरी. तुलनेला असंही रक्त लागतंच, असं सरांनी समजावलं. थोरली हसली. आतून नुसती जळत होती.

त्या दुपारी तिने माश्या फ्रीझरमधून मुद्दाम लवकर काढल्या. दिव्याच्या उबेत एकीचा पाय हलला. थोरलीने ती तळहातावर घेतली आणि मूठ मिटली.

दारात धाकटी. चहाला बोलवायला आलेली.

"ताई, हातात काय आहे?"

"काही नाही. तू जा."

धाकटीने मुठीकडे पाहिलं, मग बहिणीच्या तोंडाकडे. तिला कळलं. तिने सुई काढून टोपण उघडलं.

"एकच सुई आहे ना तुझ्याकडे?" थोरली म्हणाली. "तुलाच चावली तर?"

"म्हणून मूठ उघडू नकोस. आणि श्वास अडकला तर सांग. शहाणपणा नको."

माशी डसली. पुन्हा डसली. मधमाशीसारखी ती एकदा डसून संपत नाही. थोरलीला आपले ओठ कधी सुजतात ते पाहायचं होतं. आता मूठ उघडता यावी म्हणून धाकटी एकदाची बाहेर जावी, एवढंच हवं होतं. धाकटी हलेना. शेवटी थोरलीने मूठ टेबलावर दाबली, आतली वळवळ थांबेपर्यंत.

हात मनगटापर्यंत सुजला. बाकी काही नाही.

"तुझं मेलीचं रक्तसुद्धा हट्टी," म्हणत धाकटी बर्फ लावत बसली. हात हलका होता. थोरलीइतकाच हलका. तेही थोरलीला सोसलं नाही.

धाकटी कोसळली त्या दिवशी ती थोरलीच्या जागी पिशव्या काढायला बसली होती, कारण थोरली रजेवर होती.