मिठाचा थेंब पडण्याआधी

लोर्नाने तिसरी काचेची बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, डोळा लावला आणि वैतागून मान वर केली.

"व्हर्लिन, यात मीठ घालून ठेवलंस का तू?"

"कशात?"

"पुलाच्या पाण्यात. सगळी मिटलीत."

व्हर्लिन खिडकीपाशी उभा राहून पेपरोनी भरलेला पाव खात होता. इतकी वर्षं दोघं एकाच टेबलावर काम करत होती, त्यामुळे एकमेकांच्या चुका पकडण्यात त्यांना भारी आनंद व्हायचा. तो सावकाश आला आणि त्याने मिठाच्या पाण्याची बाटली तिच्यासमोर धरली. बूच घट्ट लावलेलं होतं. तिने मग नेहमीचं ऐकवलं, की खाताना तुझे हात काय करतात ते तुझं तुला तरी कळतं का. तो नुसता हसला.

असला आरोप फक्त या कामातलं माणूसच करू शकतं. ओढ्यातल्या शिंपल्याची मादी आपली पिल्लं थंडीभर कल्ल्यांत सांभाळून ठेवते. पिल्लू कसलं, धुळीचा कण. पण त्या कणालाही दोन झाकणं असतात आणि ती उघडी ठेवून ते माशाची वाट बघतं. मासा आला की झाकणं मिटायची, त्याच्या कल्ल्याला घट्ट धरायचं, काही आठवडे फुकटात फिरायचं आणि मग शिंपला होऊन तळाशी उतरायचं. मिटण्याची संधी आयुष्यात एकदाच. मासा नसताना जे मिटलं ते गेलं. म्हणून घाण पाण्यात दिवसभर ठेवलेली पिल्लं जिवंत आहेत की नाहीत हे बघायचं तर बशीत मिठाच्या पाण्याचा एक थेंब सोडतात. मीठ झोंबलं की जिवंत असतील ती पटकन मिटतात, मेलेली आ वासून तशीच राहतात. तेव्हा बशीभर मिटलेली पिल्लं दिसली की आधी कुणीतरी थेंब टाकून गेलंय असंच वाटतं.

बशा तीन होत्या. पहिलीत प्रयोगशाळेच्या विहिरीचं स्वच्छ पाणी. दुसरीत स्टिलहाउस ओढ्याचं, नळाच्या तोट्यांना मुलामा देणाऱ्या कारखान्याच्या खालचं. तिसरीत त्याच ओढ्याचं, पण आणखी खाली, लाकडी पुलाजवळचं. पुलाखाली शिंपल्यांची नवी पिढी येईनाशी झाली होती, आणि त्याला कारखाना जबाबदार आहे याबद्दल अख्ख्या खोऱ्यात कुणाच्या मनात शंका नव्हती. लोर्नाच्या तर नव्हतीच. पुढच्या महिन्यात राजधानीत सुनावणी होती आणि तिथे काय बोलायचं ते तिने गाडी चालवताना पाठ करून ठेवलं होतं.

पण दुसऱ्या बशीतली पिल्लं ठणठणीत होती. तिने थेंब टाकला तशी ती विहिरीच्या पाण्यातल्या भावंडांसारखी टपाटप मिटली. तिला याचा आनंद व्हायला हवा होता. तिला राग आला.

तिने व्हर्लिनला हात लावू दिला नाही. नवी बशी स्वतः धुतली, पुलाच्या पाण्याची न उघडलेली बाटली फोडली, मादीच्या कल्ल्यांतून ताजी पिल्लं काढून त्यात सोडली आणि डोळा लावून बसली. पाणी लागताच कडेची काही मिटली. मग मधली. मग सगळीच, तिच्या डोळ्यांदेखत. मिठाचा थेंब अजून बाटलीतच होता.

ती खुर्चीवरून उठली आणि पुन्हा बसली.

व्हर्लिनने पाण्यातला क्षार मोजायचं मीटर आणलं. त्याची कांडी बाटलीत बुडवली, आकडा बघितला, कांडी पुसली, पुन्हा बुडवली. तिसऱ्यांदा पुसायला लागला तेव्हा लोर्नाने मीटर आपल्याकडे वळवून घेतलं.

"बिघडलंय ते," व्हर्लिन म्हणाला. "मागच्या आठवड्यातच मी म्हणालो होतो."

तो तसं म्हणाला नव्हता. पूल कुठला हे त्यालाही ठाऊक होतं. त्या पुलावरून पडलेल्या मुलाच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता.

डेल, लोर्नाचा धाकटा भाऊ. जानेवारीतल्या एका सकाळी तो गाडीने कामावर निघाला होता. पुलाआधी उतार आहे आणि उतारावर वळण, वर डोंगराची सावली, त्यामुळे रस्ता सुकला तरी फळ्यांवरचा बर्फ काचेसारखा टिकून राहतो. बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकणारी सरकारी गाडी त्या पुलावर सगळ्यांत शेवटी यायची. डेलचं दफन झाल्यावर वडील, हॉबर्ट, रस्ते खात्याच्या प्रत्येक सभेला जाऊन बसायला लागले. ते आरडाओरडा करत नसत. टोपी मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसत, एवढंच. शेवटी साहेब लोक कंटाळले आणि दर वर्षी पुलाच्या टोकाशी मिठाचा ढीग ओतून जायला लागले. काय टाकायचं ते तुमचं तुम्ही टाका म्हणाले. तेव्हापासून हॉबर्ट टाकत होते. पत्नी गेली, गुडघे गेले, तरी एक थंडी चुकली नाही, आणि त्या पुलावरून पुन्हा एकही गाडी घसरली नाही.

ढीग ओढ्याच्या काठावरच होता. ताडपत्री फाटलेली, खाली पांढरी चिखलाची वाट थेट पाण्यात गेलेली. लोर्नाने ती किती वेळा पाहिली असेल. परवा पाण्याच्या बाटल्या भरून वर आल्यावर बाटल्यांची पेटी तिने त्याच ढिगावर टेकवली होती आणि बुटातलं पाणी काढलं होतं. नाकासमोरची गोष्ट दिसू नये इतकी ती कारखान्याकडे बघत होती. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त.

"आज अहवालात काही लिहू नकोस," व्हर्लिन हळूच म्हणाला.

तिने गाडीची किल्ली उचलली.

दुपार कलली होती आणि बारीक बर्फ भुरभुरत होता. हॉबर्ट पुलावर होते. कॉफीचा मोठा पत्र्याचा डबा काखेत धरून ते मूठ मूठ मीठ पेरत होते, कोंबड्यांना दाणे टाकावेत तसे. अर्धा पूल झाला होता. लेकीची गाडी ओळखून त्यांनी मान हलवली, पण हात थांबवला नाही.

"काय गं, सापडला का चोर?"

हा प्रश्न ते दर वेळी विचारत. किराणा दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, भेटेल त्याला ते सांगत की आमची लोर्ना त्या कारखान्याला आता सोडत नाही.

"बाबा, कारखान्याचं पाणी चांगलं निघालं."

"मशीन बघ तुझं."

"बघितलं."

"मग मेले कशाने?"

तिने वाटेत चार वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही आठवेना.

"मिठाने," ती म्हणाली.

हॉबर्ट हसले. "मीठ तर मी अंड्यावरही घालतो."

ती हसली नाही. मग त्यांनी तिच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. ढिगाकडे, पांढऱ्या वाटेकडे, आणि मग पायाखालच्या फळ्यांकडे. फळ्यांमधल्या फटीतून खालचं पाणी दिसत होतं. डब्यात घातलेला हात तसाच आत राहिला.

"इथलेच शिंपले?"

"इथून खालची सगळी पिल्लं."

"डेलला पायाने सापडायचे इथे," ते म्हणाले. "अनवाणी उतरायचा. मी ओरडायचो."

"ते आहेत अजून, बाबा. त्याच्या वेळचे आहेत. खूप जगतात ते." तिने फटीतून खाली पाण्याकडे पाहिलं. "पण त्यानंतरचं पिल्लू एकही नाही."

हॉबर्टच्या टोपीच्या कडेवर बर्फ साचत होता आणि तो झटकायचंही त्यांना सुचेना. एवढा मोठा धक्का तिने त्यांना आयुष्यात एकदाच बसलेला पाहिला होता, डेलची बातमी घेऊन शेरीफ दारात उभा होता त्या सकाळी. तेव्हाही ते असेच उभे होते.

वरच्या वळणावर गिअर बदलल्याचा आवाज आला. शाळेची पिवळी बस. ती रोज याच वेळी उतरते. पुलाचा पलीकडचा अर्धा भाग अजून कोरा होता आणि बर्फाने चमकायला लागला होता.

हॉबर्टनी बसकडे पाहिलं, मग डब्याकडे. मग लेकीकडे. गेली कित्येक वर्षं या पुलावर त्यांनी कुणाला काही विचारलं नव्हतं.

"टाकू?" त्यांनी विचारलं.

लोर्नाने त्यांच्या काखेतून डबा काढून घेतला. मूठ भरली, फेकली, पुन्हा भरली. पलीकडच्या टोकापर्यंत ती जवळजवळ धावतच गेली. खडे फळ्यांवर ताडताड उडत होते आणि त्यातले किती फटीतून खाली जात होते ते तिला ऐकू येत होतं. मग ती कठड्याला पाठ टेकून उभी राहिली आणि बस सावकाश पुलावरून गेली. काचांना नाकं लावलेली पोरं दिसली. ड्रायव्हरने इकडच्या रिवाजाप्रमाणे स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलली. हॉबर्टनी हात वर केला नाही.

बस पलीकडच्या चढावर दिसेनाशी झाली. बर्फ वाढला होता.

"अजून दुधाचा टँकर यायचाय," हॉबर्ट म्हणाले, तिच्याकडे न बघता.

लोर्नाने डब्याचा तळ पाहिला आणि तो पुन्हा भरून घ्यायला ती ढिगाकडे गेली.