माझ्या पोटात काजू नव्हते

मी चिचुंद्री बोलतेय. काजू मी खाल्ले नाहीत हो! चीं चीं करून घसा फोडला, पण कुणाला खरं वाटेल तर शपथ. आता बाटलीतल्या औषधाच्या पाण्यातून पुन्हा सांगते.

माझा जन्म आजऱ्याच्या वरच्या डोंगरातला, दगडाच्या कपारीतला. आमच्या घराण्यात किडे, झुरळं खातात. झुरळांच्या मागं मागं मी खाली मल्लाप्पांच्या काजूच्या कारखान्यात आले आणि तिथंच संसार मांडला.

१९९८ साली तिथले काजू कमी भरायला लागले. भरतील कसे? मॅनेजर हंबीरराव येता-जाता मूठ खिशात घालायचे. भिंतीतल्या भोकातून मी रोज बघायची. आळ मात्र त्यांनी काजू सोलणाऱ्या चिमणाबाईवर घातला.

"तूच खातीस. उद्यापासनं येऊ नगंस."

"पदर झाडून दावते की! तुमी आधी खिसं झाडा!"

हंबीररावांचा हात खिशावर गेला. "मग... उंदीर असंल. पर चोर घावंपतूर तू घरीच बस."

पिंजरा लागला. आत ठेवलेल्या काजूवर झुरळ आलं, झुरळावर मी गेले, आणि दार खाली!

हा कसला उंदीर, ते बघायला कोल्हापुरातून प्राध्यापक सोमेश आले. भिंगातून माझी थुतरी, शेपटी, दात बघून त्यांनी उडीच मारली. "ही जात आजवर कुणी नोंदवलेलीच नाही!" आमच्या पिढ्या डोंगरात गेल्या, पण यांनी बघितल्यावर आम्ही जन्मलो म्हणायचं.

"पिंजरा माझा. नावबी माझंच लागलं पायजे," हंबीरराव म्हणाले. चौकाला लागलं नव्हतं, कमानीला लागलं नव्हतं, निदान माझ्या शेपटीला लागू दे. प्राध्यापकांना डोंगरात फिरायला कारखान्याची जीप हवी होती. लागलं नाव.

मग माझं पोट फाडलं. आत झुरळाचे पाय. काजूचा कण नाही.

"ते ऱ्हाऊ द्या. बाटलीखालच्या पाटीवर खाणं काजूच लिवा. आन् माझ्या नावापुढं चिचुंद्री नगं, मान जातोय. नुसतं हंबीरराव लिवा."

शिकलेल्या माणसानं जीपकडं बघत लिहिलं.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या हॉलमध्ये मला मांडलं. हार, नारळ, फेटे. चौथी शिकलेली चिमणाबाई बोलावणं नसताना आली. मल्लाप्पांच्या शेजारी उभी राहून तिनं पाटी खणखणीत वाचली, "नाव हंबीरराव. खाणं काजू!"

हॉल खदाखदा हसला. मल्लाप्पा हसले नाहीत. त्यांनी मॅनेजरच्या फुगलेल्या खिशात हात घातला. फरशीवर काजू घरंगळले.

"बाई, उद्या कामावर या," एवढंच ते बोलले.

माझं पोट काही कुणी शिवून दिलं नाही. निदान एवढं एक करा, पावणं. बाटलीपुढं उभं राहून चोर म्हणून माझ्याकडं बोट करू नका. चोराचं नाव खाली लिहिलंय की, हंबीरराव.